पत्र्याची चार झाकणं

मुलांनो, डोळे मिटा आणि एक शाळा समोर आणा. नाही, थांबा, डोळे मिटलेत तर पुढचं वाचणार कसं? उघड्या डोळ्यांनीच आणा. एका ओळीत आठ खोल्या. दगडी भिंती इतक्या जाड, की खिडकीच्या कट्ट्यावर एक मूल आरामात मांडी घालून बसेल. खोल्यांपुढे ओटा, ओट्यापुढे मैदान आणि मैदानापलीकडे खणून ठेवलेला रस्ता. खणणारे जे गेले ते गेलेच. त्यावर उन्हाळ्याचा वारा. म्हणजे धूळ. दाताखाली धूळ, पाण्याच्या पेल्यात धूळ, आणि बाकावर बोटाने पाढा लिहिता येईल एवढी धूळ.

आलं डोळ्यांसमोर? आता त्या धुळीत केरसुणी घेऊन उभा असलेला उंच, जरा वाकलेला माणूस बघा. कमरेला किल्ल्यांचा जुडगा. तो या शाळेचा शिपाई. जुडगा वाजला की ओट्यावर धावणारी मुलं एकदम चालायला लागत. त्याची बायको शाळेमागच्या दोन खोल्यांत शिवणयंत्रावर मुलांचे गणवेश शिवायची. आणि मुलगी सातवीत. तिला घरीदारी सगळे 'किल्ली'च म्हणत. जुडग्यातली सगळ्यात लहान आणि सगळ्यात खटपटी.

धुळीचं आणि शिपायाचं वैर जुनं. मागच्या वर्षी शाळेचा प्रोजेक्टर बंद पडला. दुरुस्तीवाल्याने तो उघडला आणि टेबलावर मूठभर धूळ ओतली. मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, सगळ्यांसमोर म्हणाल्या, "शिपाई असून शाळेत एवढी धूळ?"

शिपायाने केरसुणी उचलली. त्या दुपारी त्याने आठ खोल्या झाडल्या, ओटा झाडला आणि मग मैदान झाडायला घेतलं. मैदान! अर्ध्यावर आला तेव्हा मागचं अर्धं परत होतं तसं झालं होतं. किल्ली खिडकीतून बघत होती. तिला हसूही येईना आणि रडूही.

तर या वर्षी झालं असं, की शाळेच्या विज्ञानाच्या बाई बदलून गेल्या आणि त्यांच्या जागी सहा महिने कोणीच आलं नाही. विज्ञानाच्या तासाला मुलं तोंडावर बोट ठेवून बसत. किल्लीच्या विज्ञानाच्या वहीला कव्हर होतं, समास होता, आत एक अक्षर नव्हतं. शेवटी वरून कळलं, की दूरच्या शाळेतल्या एक बाई पडद्यावरून शिकवतील. पण त्यासाठी वर्गावर्गांत वायरलेस नेटवर्क हवं. नेटची तार ऑफिसपर्यंत आली होती. पुढे ते आठ खोल्यांत पोचवायचं कसं आणि कोणाकडून, हे शाळेने ठरवायचं होतं.

दोन विक्रेते आले.

पहिला अशा उन्हात कोट घालून आला. त्याच्या यंत्राला वर आठ शिंगं होती. "एकच यंत्र, बस्स!" तो म्हणाला. "शाळा सोडा, पार तळ्यापर्यंत पोचेल. म्हशींनासुद्धा नेट मिळेल."

"म्हशींचं राहू द्या, त्यांचा अभ्यास झालाय," शाळा समितीचे अध्यक्ष म्हणाले. त्यांची पिठाची गिरणी होती. सुट्टीच्या दिवशीसुद्धा भुवयांत पीठ असायचं. "आमच्या पोरांना मिळालं तरी पुष्कळ."

दुसरा बसने आला. खांद्याला पिशवी, एका बुटाचा तळ सुटलेला. त्याने पिशवी उघडलीच नाही. आधी भिंतींवर टकटक करत फिरला, पावलांनी ओटा मोजला, प्रत्येक वर्गात मुलं किती ते विचारलं. मग शिपायाकडे वळला.

"दादा, तुमची घंटा शेवटच्या खोलीत ऐकू येते?"

शिपायाने आधी मागे वळून पाहिलं. इतक्या वर्षांत त्याला कोणी काही विचारलं नव्हतं. सांगितलं मात्र पुष्कळ होतं.

"रिकाम्या शाळेत येते," तो म्हणाला. "भरलेल्या शाळेत नाही. पोरांच्या गर्दीत आवाज मुरतो. म्हणून मी पुन्हा एकदा ओट्याच्या मधोमध जाऊन वाजवतो."

"हेच!" पिशवीवाला खूश झाला. "बाई, ह्यांनी माझं काम केलं. एका टोकाला उभं राहून ओरडण्यापेक्षा चार जागी हळू बोललेलं बरं. मी चार लहान डब्या लावीन. दोन खोल्यांत मिळून एक."

ठरलं असं, की दोघांनी एकेक आठवडा आपापलं यंत्र लावून दाखवायचं. दुसऱ्या आठवड्याच्या शनिवारी समिती निवड करील. पिशवीवाल्याने सोमवारी शाळा सुटता सुटता चार डब्या भिंतींवर चढवल्या, दिवे लागले एवढं पाहिलं. मोठ्या बाईंनी ताब्याची वही पुढे केली. 'चार नग, सुस्थितीत मिळाले. जबाबदारी माझी.' शिपायाने त्याखाली सही केली. 

"धुळीपासून जपा हं, दादा," जाता जाता पिशवीवाला म्हणाला आणि बस पकडायला धावला.

दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकसुद्धा फुंकून पितो. त्यात जपा म्हणणारा असा भला, की ज्याने आपल्याला विचारून काम केलं! शिपायाने त्या संध्याकाळी उन्हं असतानाच तेलाचे चार रिकामे डबे अंगणात आणले. त्याचे वडील पत्रेकाम करायचे. कात्री, लाकडी हातोडा, कानस, सगळं त्याने जपून ठेवलं होतं. त्याने पत्रा सपाट ठोकला, मापाने कापला, दुमडला आणि कडा कानसीने घासल्या. पायाच्या अंगठ्यात पत्रा धरून तो रिबिटा, म्हणजे पत्रे जोडायचे खिळे, ठोके तेव्हा त्याची पाठ ताठ होई. एरवी ती कधी व्हायची नाही.

"अहो, बोट कापाल," बायको यंत्रावरून म्हणाली. "चष्मा लावा."

"दिसतंय मला."

"अंगठ्याला ठोकलंत."

"ठोकायचंच होतं."

किल्लीने चारही झाकणांना पांढरा रंग दिला, भिंतीला शोभेल असा. बापाने पुढे बारीक चार-चार भोकं पाडली. "दिवे दिसले पाहिजेत," तो म्हणाला. "दिवा दिसला म्हणजे यंत्र जिवंत आहे." मंगळवारी सकाळी शाळा भरण्याआधी झाकणं स्क्रूने भिंतीला पक्की झाली. आता धूळ काय, धुळीचा बापही आत जाणार नव्हता.

"छान!" मोठ्या बाई म्हणाल्या. "अगदी कंपनीचीच वाटतात."

अध्यक्षांनी झाकणावर टिचकी मारून पाहिली. "माझ्या गिरणीच्या बटणांना असंच एक करून द्या बुवा."

शिपाई त्या दिवशी जेवताना दोनदा वाढून घेता झाला.

पण नेट चालेना.

पडद्यावर विज्ञानाच्या बाई आल्या, "मुलांनो" म्हणायला त्यांनी तोंड उघडलं आणि ते उघडंच राहिलं. पडद्यावर एक गोल चक्र फिरत बसलं. पाच मिनिटं झाली, दहा झाली. सातवीच्या मुलांनी बाईंचे दात मोजले. मागच्या बाकावरून एकोणतीस आले, पुढच्या बाकावरून सत्तावीस. त्यावरून भांडण झालं. बुधवारीही तेच. कोणी डबीच्या अगदी खाली जाऊन उभं राहिलं तर दोन शब्द ऐकू यायचे, मग पुन्हा चक्र.

मोठ्या बाईंनी पिशवीवाल्याला फोन लावला.

"दिवे लागलेत का, बाई?"

शिपाई आठही खोल्या धावत फिरून आला. धापा टाकत म्हणाला, "चारही. ढणढणीत."

"मग चालायला हवं," फोन म्हणाला.

"हवं ना," बाई म्हणाल्या. "चालत नाही."

आठवडाभर शिपाई रोज दोनदा झाकणं पुसायचा आणि मान हलवायचा. "माणूस भला. पण माल खोटा निघाला."

रविवारी कोटवाल्याने आपलं आठ शिंगांचं यंत्र ऑफिसात कपाटावर बसवलं आणि समितीला शाळाभर फिरवलं. रविवारी शाळेत कोण असणार? मोबाइल हातात धरून तो सातव्या खोलीपर्यंत चालत गेला आणि तिथेही चित्र पळत होतं. अध्यक्ष खूश. सोमवारी शाळा भरली, तसं पहिल्या तीन खोल्यांत चाललं, चौथीत अडखळलं, आणि सातव्या खोलीत पुन्हा उघडं तोंड. "नाही मामापेक्षा काणा मामा बरा," अध्यक्ष म्हणाले. "त्या पिशवीवाल्याचं तर एकाही खोलीत चाललं नाही."

सातवा वर्ग सातव्या खोलीत बसायचा, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

गुरुवारी दुपारी वावटळ उठली. किल्ली मधल्या सुट्टीत घरी आली होती. आई धावत खिडक्या लावत होती, गणवेशांवर चादर टाकत होती. बापाचा जुना, सेलवरचा रेडिओ फळीवर गात होता. आईने तो गातागाताच उचलला, पिठाच्या रिकाम्या डब्यात ठेवला आणि वरून झाकण दाबलं.

गाणं थांबलं.

"गेला वाटतं," आई म्हणाली. "आता तुझे बाबा मला..." तिने झाकण उघडलं. रेडिओ गात होता.

किल्ली जेवता जेवता उठली. "आई, पुन्हा झाक."

"खरकट्या हाताने शिवू नको कशाला!"

"तू झाक ना."

आईने झाकलं. किल्लीने डब्याला कान लावला. आत नुसती खरखर. मग तिने रेडिओ कपड्यांच्या लाकडी पेटीत घालायला लावला. पेटीला कान लावला. गाणं दबकं येत होतं, पण गाणंच होतं. पुन्हा पत्र्याचा डबा: खरखर. पुन्हा पेटी: गाणं.

तिने आपल्या नखांकडे पाहिलं. कडेला पांढरा रंग अजून होता. 

"आई, बाबांच्या झाकणांमुळेच नेट बंद होतं."

आईने आधी दार लोटलं. "हळू बोल."

"सांगू त्यांना?"

"सांगून बघ. बारा वर्षं मी सांगतेय चष्मा लावा म्हणून. घरच्यांनी सांगितलेलं तुझ्या बाबांच्या कानात शिरत नाही. तेच परक्याने सांगितलं की लगेच पटतं."

"पण परक्याने सगळ्यांसमोर सांगितलं आणि पुन्हा प्रोजेक्टरसारखं झालं तर?"

आई यंत्रापाशी बसली. सुईत दोरा ओवायला गेली, तो दोनदा चुकला. "आणि नाहीच सांगितलं तर तो पिशवीवाला उगाच बदनाम होऊन जाईल. आणि तू वर्षभर दात मोजत बसशील."

शुक्रवारी शाळा सुटल्यावर किल्ली बापाजवळ गेली. तो शिडीवर चढून चौथं झाकण पुसत होता.

"बाबा..."

"बघ," तो वरूनच म्हणाला. "उद्या हे सगळं उतरवायचं. यंत्राला सगळ्यांनी नावं ठेवली, पण झाकणाला एकाने नाव ठेवलं नाही."

ओठांवर आलेलं वाक्य किल्लीने गिळलं. शिडीचा पाय धरून ती उभी राहिली.  मग म्हणाली, "बाबा, कोटवाल्याच्या यंत्राला नाही केलंत झाकण?"

"त्याला शिंगं आहेत."

"शिंगांसकट करा ना. एकाला टोपी आणि एक बोडका, हा न्याय आहे का?"

शिपाई शिडीवर थांबला. न्यायाची गोष्ट त्याला नेहमीच पटायची. शिवाय कोठीमागे गंजलेलं पिंप पडून होतं.

शनिवारी सकाळची शाळा सुटली. मुलं मैदानात रेंगाळत होती. ऑफिसात मोठ्या बाई, अध्यक्ष, कोटवाला आणि आपल्या डब्या परत न्यायला आलेला पिशवीवाला. तो बसमधून उतरून तडक ऑफिसातच आला होता. कोपऱ्यात बसून तो खाली मान घालून तार गुंडाळत होता. बाईंनी पेनचं टोपण काढलं होतं. दार ढकलत शिपाई आत आला. त्याच्या दोन्ही हातांत अर्धं कापलेलं, ठोकून गोल केलेलं, पांढरं रंगवलेलं पिंप होतं. मागे किल्ली.

"बाई, जरा थांबा. हे राहिलं होतं," तो म्हणाला आणि पिंप कपाटावरच्या यंत्रावर पालथं घालायला गेला.

कोटवाला उडालाच. "अहो! अहो, काय करताय? पत्र्यात घातलं तर लहरी बाहेर येतील कशा? यंत्र मुकं होईल!"

 पिशवीवाल्याने मान वर केली.

"ही पत्र्याची कल्पना," त्याने हळूच विचारलं, "आजचीच आहे का?"

शिपायाचे हात पिंपासकट हवेतच राहिले. मग त्याने ते अगदी सावकाश, आवाज होऊ न देता खाली ठेवलं. त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

"चार आधीच लावलीत," तो म्हणाला. "मी. पहिल्या मंगळवारी."

किल्ली पुढे झाली. "रंग मी दिलाय."

मोठ्या बाईंनी तोंड उघडलं. किल्लीला प्रोजेक्टरचा दिवस आठवला. तिने बापाचा जुडगा घट्ट धरला. पण बाईंचं तोंड तसंच राहिलं, पडद्यावरच्या बाईंसारखं, आणि मग त्या म्हणाल्या, "कंपनीचीच वाटतात, असं मी म्हणाले होते. नाही का?"

"म्हणालात," अध्यक्ष म्हणाले. त्यांनी भुवया पुसल्या, पीठ टेबलावर पडलं. "आणि मी गिरणीसाठी एक मागितलं वर."

"धुळीपासून जपा, असं मी सांगितलं," पिशवीवाला म्हणाला. "कशाने जपा, हे सांगायला नको होतं का? बस चुकेल म्हणून पळालो."

"माझा यात काडीचा संबंध नाही," कोटवाला म्हणाला.

"तुमचा कसा नाही?" अध्यक्ष म्हणाले. "तुम्हीच तर सांगितलंत!"

आधी अध्यक्ष हसले, मग बाई, मग पिशवीवाला इतका हसला की त्याची गुंडाळलेली तार सगळी सुटली. शिपाई मात्र हसला नाही. त्याने खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला आणि तो वर्गांकडे निघाला. किल्लीने शिडी धरली. एकेक झाकण खाली आलं.

"लगेच बघू या," बाई म्हणाल्या.

"रिकाम्या शाळेत नको," पिशवीवाला म्हणाला. "दादा, सांगा ह्यांना."

शिपायाने त्याच्याकडे पाहिलं. मग बाईंकडे. "आवाज मुरतो," तो म्हणाला. "पोरं बोलवू या." आणि शाळा सुटल्यावर त्याने शाळा भरायची घंटा दिली. एकदा ऑफिसापाशी, एकदा ओट्याच्या मधोमध. मुलं चक्रावून धावत आली. आठही खोल्या भरल्या.

आधी शिंगांचं यंत्र लावलं. सातव्या खोलीत चक्र फिरत राहिलं. "माणसाच्या अंगात पाणीच जास्त," पिशवीवाला मुलांना म्हणाला. "तुम्ही सगळे मिळून लहरी पिऊन टाकता. उरलेल्या ह्या भिंती खातात." मग त्याच्या चार डब्या लावल्या. पडद्यावर बाईंच्या एका जुन्या धड्याची फीत होती. त्यांनी तोंड उघडलं, सातवीने श्वास रोखला, आणि बाई तोंड मिटून, पुन्हा उघडून चक्क बोलल्या. आठव्या खोलीतूनही तोच आवाज येत होता.

"हातच्या कांकणाला आरसा कशाला?" अध्यक्ष म्हणाले. बाईंनी चार डब्यांच्या कागदावर सही केली. कोटवाल्याने शिंगं एकेक करून काढून खोक्यात भरली. धुळीचं काय, असा प्रश्न निघाला तेव्हा किल्ली घरी पळाली आणि आईकडून गणवेशाच्या कापडाचा तुकडा घेऊन आली. पिशवीवाल्याने तो उजेडात धरून पाहिला. "पातळ आहे, हवा खेळेल. चालेल." जाताना त्याने शिपायाचा हात हातात घेतला. "दादा, काम मात्र सुरेख केलंत. रिबिट एक वाकडी नाही."

घरी आल्यावर शिपाई अंगणात बसला. समोर चार झाकणं आणि एक पिंप. ऊन अजून होतं. बायकोने चहा आणून ठेवला आणि काही न बोलता आत गेली. तिने काहीच बोलू नये, हे त्याला जरा विचित्र वाटलं.

"तुला ठाऊक होतं," तो किल्लीला म्हणाला.

किल्ली वळली. ती आत गेली, गाणारा रेडिओ घेऊन आली, तो एका झाकणात ठेवला आणि वर पालथं घालायला दुसरं झाकण बापाच्या हातात दिलं. "तुम्हीच बघा."

त्याने झाकलं. खरखर. उघडलं. गाणं. पुन्हा झाकलं, वाकून कान लावला. उघडलं. बराच वेळ तो झाकत होता आणि उघडत होता. मग त्याचे खांदे हलायला लागले आणि किल्ली घाबरली. पण तो हसत होता. "अगं," तो आत ओरडला, "मातीचं मडकं आण! आणि ती लाकडी पेटी! आणि पितळी हंडा!"

"हंडा भरलेला आहे!"

"रिकामा करून आण! आणि हो, माझा चष्मा कुठे आहे?"

आत क्षणभर शिवणयंत्र थांबलं. मग आई चष्मा घेऊन आली, आणि तिच्यामागून एकेक भांडं अंगणात यायला लागलं. रेडिओ मडक्यात गायला, पेटीत गायला, हंड्यात गप्प बसला.

किल्ली उठली आणि दप्तरातून विज्ञानाची वही घेऊन आली. मांडीवर वही ठेवून तिने पहिल्या कोऱ्या पानावर तीन रकाने आखले: वस्तू, गाणं येतं की नाही, शोध कोणाचा. पहिल्या ओळीत लिहिलं, 'पत्र्याचं झाकण. नाही.' तिसऱ्या रकान्यापाशी ती थोडी थांबली. चष्मा लावून हंड्यात डोकं घातलेल्या बापाकडे तिने एकदा पाहिलं, आणि वळणदार अक्षरात लिहिलं: 'बाबा.'